जम्बोची कंबर

नत्थूदादा गजभियांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघालेला रायपूरच्या त्या रेल्वेलाईनीजवळच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणीच ऐकला नव्हता. शिडी मागा, ‘हव’. मोठं पातेलं मागा, ‘हव, ने ना’. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला इकडे आले, मग घर मराठी राहिलं, पण होकाराला मात्र छत्तीसगढी ‘हव’ येऊन चिकटला, तो नत्थूदादांना सर्वांत जास्त. एका मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या चालत्या कूलरचा पंप काढून शेजारच्या श्यामरावांना दिला आणि स्वतः ओला पंचा पांघरून पडून राहिले.

“त्याच्याकडं पाहुणे आले होते न,” ते म्हणाले.

“अन् आपल्या घरात कोण राह्यते? भूतं?” अंजनाबाईंनी विचारलं. अंजनाबाई म्हणजे त्यांची बायको. पाऱ्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे, त्यामुळे कोणाचं काय कमी आणि काय जास्त, हे त्यांना बघताक्षणी कळतं. नवऱ्यात काय कमी आहे, ते तर लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.

अशा नत्थूदादांनी एका बुधवारी फोनवर चक्क ‘नाही’ म्हटलं.

फोन मुलाचा होता. बुद्धभूषण भोपाळला नोकरीला आहे. तो म्हणाला, “बाबा, रविवारी येऊन राहिलो. या खेपेले माझी गिटार घेऊन जातो. ऑफिसातले आम्ही दोघं-तिघं शनिवारी वाजवाले बसतो.”

“हव, ये ना.”

“नीट ठेवली ना? कोणाले दिली तं नाही?”

नत्थूदादांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मग नत्थूदादा म्हणाले, “नाही.”

स्वयंपाकघरात भेंडी चिरणारा अंजनाबाईंचा हात थांबला. फोन ठेवल्याचा आवाज आल्यावर त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय म्हटलं तुमी?”

“नाही म्हटलं.”

“जलमभर तो शब्द जपून ठेवला, अन् काढला तं पोराशी खोटं बोलाले!”

नत्थूदादा खाली मान घालून पायातली चप्पल शोधू लागले. ती पायातच होती.

ही गिटार बुद्धभूषणनं कॉलेजात असताना आणलेली. गिटारींमध्ये जम्बो नावाचा एक मोठ्या अंगाचा प्रकार असतो, त्यातली. घरात आली त्या दिवशी कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या जागेत ठेवायला गेले, तर ती पोटाशी अडली. उभी करा, आडवी करा, जाईना. शेवटी पलंगाखाली गेली. बुद्धभूषण भोपाळला निघाला तेव्हा तिथं भाड्याची एवढीशी खोली मिळाली होती. त्यानं पलंगाखाली वाकून गिटारीवर हात फिरवला आणि बापाला म्हणाला, “बाबा, दुसरं काही मागत नाही. ही तेवढी सांभाळा.” नत्थूदादा म्हणाले, “हव.”

आणि ती त्यांनी खरोखर सांभाळली. मग बुद्धविहारातल्या गायन मंडळाचा प्रशिक एक दिवस आला. “काका, जयंतीच्या कार्यक्रमाले एक गिटार कमी पडून राहिली,” म्हणाला. त्याला काय म्हणणार?

मागच्या वर्षीची ती जयंती झाली, तरी गिटार विहारातच राहिली. मंडळाकडे आता तीन गिटारी झाल्या: ही जम्बो, प्रशिकची एक इवलीशी, आणि अभनपूरहून येणाऱ्या पद्मिनीची मधली. विहारातल्या धुळीत तिन्ही उघड्या पडलेल्या पाहून नत्थूदादांचा जीव कळवळला. रेल्वेत जन्मभर त्यांनी डब्यांतल्या सीटांवर रेक्झिन चढवलं होतं. बाजारातून निळं रेक्झिन आणून त्यांनी कव्हरं शिवायला घेतली. रंग रेल्वेचाच, कारण दुसऱ्या कोणत्याही रंगाचं रेक्झिन टिकतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

खाका त्यांनी एकच कापला, जम्बोच्या मापाचा, आणि तिन्ही कव्हरं त्यावरच बेतली.

“अवो, लहानीले एवढं मोठं कायले?” अंजनाबाईंनी विचारलं होतं.

“वाढत्या अंगाचं असावं.”

“गिटार वाढते का?”

“गिटार नाही वाढत. पोट्टं वाढते न! उद्या त्यानं मोठी घेतली तं कव्हर फेकाचं का?”

नत्थूदादांच्या आईनं त्यांचे सगळे सदरे वाढत्या अंगाचे शिवले होते. त्यांपैकी एक तर त्यांना नोकरी लागल्यावर बरोबर बसला. तेव्हापासून त्यांचा हा नियमच झाला होता. विहारातल्या बाजाच्या पेटीचं कव्हर पेटीला लुंगीसारखं लोंबत असे. तर आता तीन वेगवेगळ्या अंगांच्या गिटारी एकाच मापाच्या निळ्या अंगरख्यांत बसल्या. रिकाम्या जागेत प्रशिकनं जुनी चादर कोंबली, पद्मिनीनं ओढणी.

गुरुवारी सकाळीच नत्थूदादा विहारात गेले. तिथं भिंतीला दोन निळी कव्हरं टेकून उभी होती. एक उघडलं, त्यात इवलीशी. दुसरं उघडलं. आवाजाच्या गोल भोकातून आत डोकावलं, तर आत चिकटवलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं: जम्बो. बुद्धभूषणच्या गिटारीत असा कागद होता की नाही, हे त्यांना आठवेना. पण लिहिलेलं तर समोर होतं. ती खांद्याला लावून ते शीळ घालत घरी आले.

“पाह्य. आली का नाही? उगाच घाबरवून राहिली होती मले.”

त्यांनी कव्हरातून काढून गिटार पुसली आणि कपाट-खिडकीच्या मधल्या जागेत सरकवली. ती सर्रकन आत गेली.

अंजनाबाई बघत राहिल्या. “काढा.”

“काहून?”

“काढा, अन् परत घाला.”

पुन्हा सर्रकन गेली.

“आपली गिटार नोहे ही. आपली इथं कधी मावली होती का? पोटाशी अडत होती.”

“अगं, आत जम्बो लिहून आहे!”

“लिहून तं पाऱ्यातल्या नळावरही ‘पीने का पानी’ लिहून आहे.”

नत्थूदादांनी शंकरनगरला वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या भार्गवला फोन लावला. भार्गवच्या दुकानातल्या पेट्यांना नत्थूदादांची लुंगीवजा कव्हरं होती, त्यामुळे ओळख पक्की.

“दादा, नाप ले लो,” भार्गव म्हणाला. “नीचे का जो पेट है, सबसे चौड़ी जगह. सत्रह इंच निकला तो जम्बो. इतना सिंपल है.”

अंजनाबाईंनी गळ्यातला टेप काढला. माप घेणं हे त्यांचंच काम. त्यांनी गिटार पलंगावर उभी धरली, टेप पोटामागून फिरवून पुढे आणला, दोन बोटं आत घालून सैल ठेवला, आणि वाचलं.

“एकेचाळीस.”

दोघं एकमेकांकडे बघू लागले.

“सतरा पाह्यजे होते,” नत्थूदादा हळूच म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे जम्बोपेक्षाही मोठी निघाली!”

“अन् फटीत कशी गेली मग? पोट आत घेऊन?”

आता दुकान गाठण्याशिवाय उपाय नव्हता. मे महिन्याच्या उन्हात दोघं ई-रिक्षात बसले, मधे गिटार उभी. रिक्षावाल्यानं विचारलं, “पेशंट है क्या?” कारण अंजनाबाईंनी ऊन लागू नये म्हणून कव्हरावरून ओला टॉवेल टाकला होता.

भार्गवनं टेपची हकिगत ऐकली आणि काउंटरवर डोकं ठेवून हसला. हसून झाल्यावर मात्र त्यानं दोघांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि भिंतीवरच्या दोन गिटारी उतरवून नत्थूदादांनी आणलेलीच्या शेजारी आडव्या ठेवल्या.

“दीदी, ये ब्लाउज नहीं है. इसका घेर नहीं लेते, सीधी चौड़ाई लेते हैं.” त्यानं लाकडी पट्टी गिटारीच्या पोटावर आडवी धरली. साडेपंधरा इंच आणि एक सूत. “ये ड्रेडनॉट है. सबसे ज्यादा यही बिकता है.”

“पण लिहून जम्बो आहे,” नत्थूदादांनी शेवटचा प्रयत्न केला.

“कुछ कंपनी लिख देती है, दादा. लिखने में क्या जाता है?”

मग त्यानं भिंतीवरून काढलेल्या एकीवर पट्टी ठेवली: सोळा. तिला मिनी जम्बो म्हणतात. तिसरीवर ठेवली: पूर्ण सतरा. हीच खरी जम्बो. पण पट्टी हाताशी नसेल, कोणी गिटार मांडीवर घेऊन लांब बसलं असेल, तर ओळखायचं कसं? भार्गव म्हणाला, तिची कंबर बघायची. त्यानं दोघींच्या कमरा मोजून दाखवल्या आणि इथं गंमत झाली. ड्रेडनॉटची कंबर अकरा इंचांच्या आसपास, जम्बोचीही अकरा इंचांच्या आसपास. नत्थूदादा गोंधळले. त्यांना वाटलं होतं, मोठीचं सगळंच मोठं असणार.

अंजनाबाई मात्र पुढे सरकल्या. त्यांनी दोन्ही गिटारींकडे डोकं तिरपं करून पाहिलं, ब्लाउज घालून आरशापुढे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसं, आणि ड्रेडनॉटवर बोट ठेवलं.

“कंबर सारखीच आहे, पण हिच्या खाली काही नाही, म्हणून कंबर दिसत नाही. खांद्यापासून सरळ उतरली, धान्याच्या डब्यासारखी. अन् हिचं खालचं अंग चांगलं गोल भरलेलं आहे, म्हणून हिची कंबर कंबर दिसते.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “ही आपल्या पाऱ्यातल्या पिंकीची सासू, अन् ही पिंकी.”

“बस, यही है,” भार्गव म्हणाला. “अब आप किसी को भी पहचान लोगी.”

“मग आपली कुठं आहे?” नत्थूदादांनी विचारलं, आणि उत्तर त्यांच्याच डोक्यात आलं. इवलीशी विहारात. ही ड्रेडनॉट इथं. म्हणजे तिसरं निळं कव्हर अभनपूरला, पद्मिनीकडे. यंदाच्या जयंतीनंतर मांडव उतरवायच्या गडबडीत तिनं आपली समजून जम्बो उचलली असणार. कव्हरं हुबेहूब सारखी, मापही सारखंच. कोणाच्या अंगात किती दम आहे, हे वरून कळायला नत्थूदादांनी जागाच ठेवली नव्हती.

“वाढत्या अंगाचं,” अंजनाबाई फक्त एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी दोघं बसनं अभनपूरला गेले. पद्मिनी तिथल्या शाळेत शिकवते. अंगानं इतकी लहान की सहावीची मुलं तिला उंचीत मागं टाकतात. घर मराठीच, पण ती पिढी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते. ओसरीवर ती सराव करत बसली होती. दारातून आधी एक भली मोठी गिटार दिसली, मग तिच्या वरच्या काठावर टेकलेली हनुवटी, आणि मग दोन डोळे.

“अरे, काका-काकी! जय भीम! आइए ना!”

नत्थूदादांनी कंबर ओळखली. गोल भरलेलं पोट, वर बारीक कंबर. हीच. आता फक्त मागायची.

आणि तेच त्यांना जमेना. द्यायची सवय असलेल्या माणसाला मागायची सवय नसते. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली. शाळेची चौकशी केली. पद्मिनीच्या आईनं बासी वाढली, रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर दही, कांदा आणि हिरवी मिरची. ती खाऊन झाली. पद्मिनीनं मोबाइलवर एका लग्नातला तिचा कार्यक्रम दाखवला. तिच्या शाळेतल्या कोणी तो सगळ्यांसाठी टाकला होता, आणि पुष्कळ लोकांनी पाहिला होता. पडद्यावर पद्मिनी हनुवटीपर्यंत गिटारीत बुडून भीमगीत गात होती. नत्थूदादा मनापासून म्हणाले, “लय छान. लय छान.”

अंजनाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं. नत्थूदादांनी घसा साफ केला.

“पद्मिनी, ही गिटार...”

“जी काका?”

“... चांगली वाजते न?”

“हाँ काका. बहुत अच्छी,” पद्मिनी म्हणाली आणि उजवा खांदा चोळला.

तो खांदा अंजनाबाईंनी टिपला. त्यांनी गळ्यातला टेप काढला, पद्मिनीजवळ गेल्या, आणि तिच्या हाताचं माप घेतलं, खांद्यापासून मनगटापर्यंत. मग टेप तसाच धरून गिटारीच्या पोटावरून फिरवला.

“हात पुरत नाही तुहा, पोरी. काखेत रुतते ना? काहून वाजवून राहिली एवढी मोठी?”

पद्मिनीला एकदम रडू आलं, आणि हसूही. “काकी, क्या करती? घर आके कव्हर खोला तो ये निकली. मुझे लगा, काका ने जान-बूझकर बड़ी वाली दी है. काका सबको सब कुछ देते हैं ना. इतने प्यार से दी हुई चीज वापस कैसे करूँ? मना करना मुझे आता ही नहीं.”

“तुलेही नाही येत?” नत्थूदादा खुर्चीवरून अर्धे उठले. बऱ्याच दिवसांनी त्यांना आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं.

“मेरी वाली कहाँ है?”

“बसस्टँडवर चहाच्या टपरीत. उन्हातून आणाची नव्हती न, म्हणून ठेवाले दिली.”

“कोणाकडे दिली?” अंजनाबाई ओरडल्या. पण टपरीवाला भला होता. संध्याकाळपर्यंत ज्याची त्याच्याकडे झाली.

रविवारी बुद्धभूषण आला. हातात एक नवी कोरी काळी पेटी, गिटारीसाठीच बनवलेली, आत मखमल लावलेली. जेवणाआधीच त्यानं पलंगाखाली हात घातला, निळं कव्हर ओढलं, चेन उघडली, आणि गिटार मांडीवर घेऊन एकदा तारांवरून बोटं फिरवली. घर भरून आवाज आला.

त्यानं तारा जवळून पाहिल्या. “बाबा, तारा नव्या आहेत.”

नत्थूदादा पंख्याकडे बघू लागले. “हव.”

“पलंगाखाली पडल्या पडल्या नव्या झाल्या?”

“कोरडी हवा आहे न इथं,” नत्थूदादा म्हणाले. अंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बुद्धभूषणनं खिशातून मोबाइल काढला आणि बापापुढे धरला. पडद्यावर अभनपूरचं लग्न, पद्मिनीची हनुवटी, आणि तिच्याखाली ती गिटार.

“एप्रिलच्या शेवटीच मित्रानं पाठवलं होतं हे. लगेच ओळखली. अशी कंबर दुसरी नाही.”

“मग फोनवर काहून विचारलं?” अंजनाबाई म्हणाल्या.

“म्हटलं, बाबा काय म्हणतात ते पाहू. ‘हव, दिली’ म्हणाले असते तं मी ‘बरं केलं’ म्हणणार होतो. पण बाबा ‘नाही’ म्हणाले! मी फोन ठेवून बसूनच राहिलो. म्हटलं, या माणसानं कोणाले नाही म्हटलं म्हणजे तब्येत बिघडली असंल.”

नत्थूदादांचे कान लाल झाले. “तू एकच गोष्ट मागितली होती रे. अन् मी तीही...”

“बाबा, लाकूड वाजत राह्यलं की आवाज खुलते. नुसती पडून राह्यली असती तं ठस्स झाली असती. ऐका.” त्यानं पुन्हा तारा छेडल्या. “आधी असा आवाज होता का?”

नत्थूदादांना आधीचा आवाज आठवत नव्हता, पण ते “हव” म्हणाले.

मग बुद्धभूषणनं ती काळी पेटी उघडली आणि गिटार आत ठेवली. मान बसली, खांदे बसले, पोट वरच राहिलं. त्यानं दाबून पाहिलं. फिरवून पाहिलं. झाकण लागेना.

“अरे! ऑनलाईन मागवताना जम्बो लिहून होतं!”

नत्थूदादा हळूच उठले, पोराच्या शेजारी येऊन बसले, आणि एरवी कधी नसतो असा अधिकार त्यांच्या आवाजात आला.

“लिहून काय असते, भूषण? कंबर पाह्यली का तू, कंबर? खालचं अंग सतरा पाह्यजे. सीधी चौड़ाई. घेर नाही.”

“तुमाले कसं माहीत?”

“माहीत आहे,” नत्थूदादा म्हणाले, आणि अंजनाबाईंकडे बघायचं त्यांनी टाळलं.

गिटार पुन्हा निळ्या कव्हरात गेली. तिथं ती पहिल्यापासूनच बरोबर बसत होती. सगळी जेवायला बसली. जेवता जेवता सगळी हकिगत ऐकून बुद्धभूषणला सुचलं, की या पेटीत ड्रेडनॉट नेमकी बसेल. परत पाठवायची तर कशाला, पद्मिनीदीदीलाच देऊ. एवढे दिवस तिनं गिटार वाजती ठेवली. अंजनाबाई म्हणाल्या, हे लेकानं शहाण्यासारखं सुचवलं, बापावर गेला नाही. नत्थूदादा भात कालवत राहिले.

हात धुऊन बुद्धभूषण बाहेरच्या खोलीत गेला. पलंगावर निळं कव्हर होतं. शेजारी काही नव्हतं.

“बाबा, पेटी कुठं आहे?”

नत्थूदादा दारातच उभे राहिले.

“मघा मी पाणी प्याले उठलो होतो न, तवा श्यामराव आला होता. त्याच्या पोट्टीच्या लग्नाची झालर ठेवाले डब्बा पाह्यजे होता त्याले. मखमल पाहून लय खूष झाला.”

“अन् तुमी काय म्हटलं?”